नैराश्याचे औषध : धोका घेण्यात किती, सोडण्यात किती?

बुलढाणा जिल्ह्यात मनाच्या आजाराची जाहीर चर्चा दोन निमित्तांनी होते. शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी येते तेव्हा, आणि होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांची यात्रा भरते तेव्हा. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले त्यांत बुलढाणा होता. राज्याच्या आरोग्य विभागाने २०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला, त्यातही तो आहे. या दोन निमित्तांच्या मधल्या काळात आणखी एक गोष्ट रोज घडत असते आणि तिच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. सरकारी किंवा खासगी दवाखान्यातून कोणीतरी चिठ्ठी घेऊन बाहेर पडते. चिठ्ठीवर एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन असे नाव असते. घरी पोहोचेपर्यंत त्या औषधाची ‘डोक्याची गोळी’ झालेली असते आणि तिच्याभोवती भीती जमू लागलेली असते : सवय लागेल, माणूस सुस्त होईल, एकदा सुरू झाली की जन्मभर सुटणार नाही. या भीतीने चुकीची जागा धरली आहे, असे माझे म्हणणे आहे. या औषधांना धोके आहेत आणि ते लपवण्यात कोणाचेच हित नाही. पण आज हाताशी असलेला पुरावा नीट पाहिला, तर मोठा धोका दिसतो तो नीट तपासणी न होता गोळी सुरू होण्यात, ती कोणाच्या देखरेखीविना चालू राहण्यात आणि स्वतःच्या मनाने एका दिवसात बंद करण्यात.

आधी मुळातला प्रश्न घेऊ. ही औषधे काम करतात का? १९५७ साली स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ रोलँड कून यांनी इमिप्रामिनचा नैराश्यावरचा परिणाम प्रसिद्ध केला. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुऑक्सेटिनला मान्यता मिळाली आणि त्यानंतर सौम्य, वापरायला सोप्या गोळ्यांचे युग सुरू झाले. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या साऱ्या संशोधनाचा एक मोठा आढावा आला. त्यात ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण आणि २१ औषधे होती. एकवीसच्या एकवीस औषधे औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली, मात्र सरासरी फरक माफक होता आणि बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्याच होत्या. म्हणजे ही जादू नाही आणि थोतांडही नाही. २०२२ मध्ये जोआना मॉन्क्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली : ‘मेंदूतले सिरोटोनिन कमी पडल्यामुळे नैराश्य येते’ या लोकप्रिय स्पष्टीकरणाला भक्कम आधार सापडत नाही. त्यावरून अनेकांनी थेट निष्कर्ष काढला की मग गोळ्याही निरुपयोगी. हा निष्कर्ष टिकत नाही. औषध नेमके कसे काम करते हे न कळणे आणि ते काम न करणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. पॅरासिटामॉल कित्येक दशके आपण त्याची पूर्ण यंत्रणा न उलगडताच वापरत आलो. या वादातून डॉक्टरांनी घ्यायचा धडा मात्र आहे. ‘तुमच्या मेंदूत केमिकल कमी आहे’ असे सोपे वाक्य रुग्णाच्या हाती देऊ नये, कारण त्यातूनच ‘म्हणजे जन्मभर भरपाई करत राहायची’ ही समजूत रुजते.

प्रत्येकाला गोळीच हवी असेही नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत मोजक्या बैठका घेतल्या. रुग्णाला पुन्हा कामाला, माणसांत, दिनक्रमात आणणे हा त्यांचा गाभा होता. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के लोक आजाराच्या लक्षणांतून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के. हे लोक मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सौम्य नैराश्यात तर पहिल्याच भेटीत गोळी लिहून मोकळे होणे हा आळस आहे. पण झोप उडालेली, जेवण सुटलेले, अंथरूण न सोडणारे, मरणाचे विचार सतत घोळणारे माणूस समोर असेल, तर केवळ ‘मन घट्ट करा’ म्हणून त्याला परत पाठवणे हा त्याहून मोठा दोष आहे.

गोळी सुरू होते तेव्हाचे पहिले चार आठवडे सर्वांत नाजूक असतात. मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणे, अस्वस्थता, झोपेतला बदल हे त्रास पहिल्या दिवसांतच येतात. फायदा मात्र दोन ते चार आठवड्यांनी जाणवू लागतो, पूर्ण परिणामाला सहा-आठ आठवडेही लागतात. त्रास आधी आणि गुण नंतर, या उलट्या क्रमामुळेच आठव्या-दहाव्या दिवशी पाकीट कोनाड्यात पडते. हा क्रम पहिल्याच भेटीत पाच मिनिटे देऊन सांगितला, तर कितीतरी उपचार वाचतील. याच काळाशी जोडलेला एक गंभीर इशाराही आहे. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४ मध्ये मुले व किशोरांसाठी आणि २००७ मध्ये चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी अशी सूचना वेष्टनावर छापायला लावली की औषध सुरू करताना किंवा मात्रा बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात. विरोधक हा इशारा औषधाविरुद्धचा अंतिम पुरावा म्हणून दाखवतात. तो तसा नाही. मोठ्या वयात ही वाढ दिसली नाही, आणि ज्येष्ठांत तर धोका घटलेला दिसला. त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की तरुण रुग्णाला गोळी देऊन ‘महिन्याने या’ म्हणू नये. आठवड्याने पाहावे, निदान फोन करावा, आणि एकाएकी वाढलेली बेचैनी, चिडचिड, येरझाऱ्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, असे घरच्या एका माणसाला सांगून ठेवावे. ॲमिट्रिप्टिलिनसारखी जुन्या गटातली औषधे प्रमाणाबाहेर गेली तर हृदयाला घातक ठरतात. म्हणून सुरुवातीला थोड्या दिवसांच्याच गोळ्या द्याव्यात आणि त्या घरातल्या जबाबदार माणसाने सांभाळाव्यात. शेतकरी घरात हाच नियम फवारणीच्या औषधांना त्याहून कडकपणे लावायला हवा. १९९५ ते २०१५ या काळात श्रीलंकेत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले, त्यात अतिविषारी कीटकनाशकांवरील बंदीचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो. कुलूप लावलेली पेटी हा उपचाराचाच भाग आहे.

चुकीच्या निदानाचा धोका याहून कमी बोलला जातो. आज उदास बसलेल्या माणसाला दोन वर्षांपूर्वी कधी अकारण उत्साहाचा झटका आला होता का, झोप न लागताही थकवा नव्हता का, पैसा उधळला होता का, हे विचारलेच पाहिजे. तसे असेल तर तो आजार द्विध्रुवीय असू शकतो आणि नुसती नैराश्याची गोळी त्याला उन्मादात ढकलू शकते. थायरॉइड, रक्तक्षय, दारू यांचीही विचारणा त्याच बैठकीत व्हायला हवी. आणि ‘सवय लागते’ या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा वेगळ्याच गोळीत असते. आपल्याकडे एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून सर्रास लिहिले जाते. सवय लावणारे औषध क्लोनाझेपाम आहे, अल्प्राझोलाम आहे; आठवडे-महिने रोज घेतल्यास शरीर त्यांना सोडत नाही. नैराश्याच्या औषधाची तलफ येत नाही, मात्रा वाढवत नेण्याची ओढ लागत नाही. दोन्हींना एकच ‘झोपेची गोळी’ समजल्याने ज्याला सोडवायला हवे ते चालू राहते आणि ज्याला चालू ठेवायला हवे ते सुटते. रुग्णाने आपल्या चिठ्ठीवर बोट ठेवून डॉक्टरांना विचारावे : यातली कोणती गोळी थोड्या दिवसांची आणि कोणती लांबची?

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो, तो म्हणजे औषध बंद करणे. बरे वाटू लागले की गोळी थांबवायची, ही तापाच्या आणि खोकल्याच्या औषधाची रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. नैराश्यात ती घात करते. लक्षणे गेल्यानंतरही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनानुसार नऊ ते बारा महिने औषध चालू ठेवावे आणि मग निदान चार आठवडे घेऊन उतरवावे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका चाचणीत, दीर्घकाळ औषध घेणारे आणि आता बरे वाटणारे ४७८ लोक दोन गटांत विभागले. वर्षभरात औषध चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना आजार उलटला, टप्प्याटप्प्याने बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. बंद करणाऱ्यांत धोका वाढला हे खरे. पण त्यांतले चाळीसहून अधिक टक्के औषधाशिवायही ठीक राहिले. म्हणजे ‘जन्मभर घ्यावीच लागते’ हा सरसकट नियम खोटा आहे, आणि ‘आपली आपण सोडली तरी काही होत नाही’ हेही. एकाएकी थांबवले तर चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे, विचित्र स्वप्ने, रडू येणे हे त्रास होतात. २०२४ च्या एका मोठ्या विश्लेषणात औषध थांबवणाऱ्या ३१ टक्क्यांनी असे त्रास नोंदवले, पण औषधविरहित गोळी थांबवणाऱ्या १७ टक्क्यांनीही नोंदवले. तीव्र त्रास सुमारे तीन टक्क्यांना झाला. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांत तो जास्त, फ्लुऑक्सेटिनमध्ये कमी, कारण ते शरीरातून हळू जाते. हे त्रास औषध थांबवल्यावर सहसा दोन-चार दिवसांत येतात. आजार उलटायला सहसा काही आठवडे जातात. हा फरक रुग्णाला माहीत नसला तर तो घाबरून दोनच निष्कर्ष काढतो : सवय लागली, किंवा मी कायमचा बिघडलो.

बुलढाण्यात औषध सुटण्याची कारणे पुस्तकी नाहीत. मृगाचा पाऊस लागला की पेरणीपुढे दवाखान्याची तारीख कोण लक्षात ठेवणार? सोयाबीन काढणी, कापूस वेचणी, मग कामासाठी घाटावरच्या तालुक्यांतून पुण्या-मुंबईकडे किंवा दुसऱ्या जिल्ह्यांत जाणारी कुटुंबे, असे वर्षाचे चक्र महिन्या-महिन्याच्या ओपीडीशी जुळत नाही. संग्रामपूर किंवा जळगाव जामोदच्या खेड्यातून घाट चढून बुलढाण्याला जाणे म्हणजे एका रोजावर पाणी. तिथे गेल्यावर ‘ही गोळी सध्या नाही, बाहेरून घ्या’ असे ऐकावे लागले, की पुढच्या महिन्याची फेरी आपोआप गळते. मेडिकलवाल्याने दुसऱ्या नावाचे तेच औषध दिले तर काही जण जुने आणि नवे दोन्ही घेतात. उपवासाचे आणि रोज्यांचे महिनेही असेच अडचणीचे. खरे तर यातली बहुतेक औषधे दिवसातून एकदाच घ्यायची असतात आणि डॉक्टरांना विचारून वेळ सहज बदलता येते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये, नेहमीची एकच घ्यावी, हेही कोणी सांगत नाही. आणखी एक कारण कोणी उच्चारतच नाही. ही औषधे लैंगिक इच्छा आणि क्षमता कमी करू शकतात. पुरुष लाजेने बोलत नाहीत, बायकांना कोणी विचारत नाही, आणि गोळी गुपचूप बंद होते. मात्रा कमी करून किंवा औषध बदलून यावर बहुधा मार्ग निघतो, पण त्यासाठी प्रश्न डॉक्टरांनी आधी विचारावा लागतो. गरोदरपण कळताच घाबरून गोळी फेकून देणे हाही तसाच प्रकार; तिथेही निर्णय डॉक्टरांसोबत व्हावा, कारण उपचाराविना राहिलेले नैराश्य आईला आणि बाळाला दोघांनाही महाग पडते.

दुसऱ्या औषधांशी होणारी गाठ हा या जिल्ह्यात फार जपून पाहण्याचा विषय आहे. कंबर धरली, गुडघा दुखला की डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन चिठ्ठीविना घेतले जाते. नैराश्याच्या नव्या गटातल्या गोळ्यांबरोबर ही वेदनाशामके घेतली तर जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर आणखी. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या भागांत मूत्रपिंडाचे विकार वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने नोंदले जात आहेत. अशा रुग्णाला ती वेदनाशामके तर वाईटच, पण व्हेन्लाफॅक्सिनची मात्राही कमी करावी लागते आणि मूत्रपिंड फारच खालावले असेल तर ड्युलोक्सेटिन टाळावे लागते. त्या पट्ट्यात नैराश्याचे औषध लांब मुदतीसाठी लिहिताना क्रिएटिनिन पाहणे हा नेम व्हायला हवा. ट्रॅमाडॉल हे दुखण्याचे औषध, खोकल्याच्या काही सिरपांतले डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात वापरले जाणारे लिनेझोलिड यांच्यासोबत या गोळ्या घेतल्यास सिरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकते. थरथर, घाम, ताप, गोंधळ अशी लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. नैराश्याच्या गोळीसोबत रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या वृद्धांच्या रक्तातले सोडियम उतरू शकते. घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याच्या मे महिन्यात म्हातारे माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागले की ‘ऊन लागले’ म्हणून ते सोडून दिले जाते. रक्ताची एक साधी तपासणी तिथे जीव वाचवू शकते. जुन्या गटातल्या गोळ्या घाम कमी करू शकतात, म्हणून त्या घेणाऱ्याने भर उन्हातले काम टाळणे बरे. या सगळ्यावर एकच स्वस्त उपाय आहे : घरातल्या सगळ्या गोळ्या, कोणत्याही आजाराच्या, एका पिशवीत घालून प्रत्येक डॉक्टरला दाखवणे.

या मांडणीवर सर्वांत वजनदार आक्षेप वैद्यकाबाहेरचा आहे. कर्ज, पडलेला भाव, हुकलेला पाऊस हे दुःखाचे कारण असताना शेतकऱ्याला गोळी देणे म्हणजे व्यवस्थेचे पाप त्याच्या मेंदूच्या माथी मारणे नाही का? आक्षेपाचा पहिला भाग पूर्ण खरा आहे. गोळीने सात-बारा कोरा होत नाही, आणि कोणत्याही सरकारने समुपदेशनाला हमीभावाचा पर्याय मानू नये. पण कारण बाहेरचे आहे म्हणून आजार खोटा ठरत नाही. दूषित पाण्याने कावीळ झालेल्याला आपण नळयोजना होईपर्यंत थांब म्हणत नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातला पुरावा इथे बोलका आहे. ‘विश्राम’ नावाच्या उपक्रमात तीस गावांत गावपातळीवरचे कार्यकर्ते, समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ अशी साखळी उभी केली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचलेल्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेचा स्वतंत्र गट नसल्याने सगळे श्रेय उपक्रमाला देता येणार नाही. तरीही कर्ज आणि पाऊस तेच असलेल्या विदर्भातल्या गावांत माणसे मदत घ्यायला पुढे आली, हे नाकारता येत नाही. देशभरचे चित्र याच्या उलट आहे : २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तीव्र नैराश्याच्या रुग्णांपैकी ८५ टक्के उपचाराविना असल्याचे आढळले होते.

सैलानीबद्दल बोलताना तुच्छतेचा सूर लावणाऱ्यांशी माझे जमत नाही. सर्व धर्मांची, बहुतांशी गरीब माणसे तिथे येतात, कारण दुसरीकडे त्यांना कोणी तासभर बसवून घेत नाही. २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडी दर्ग्याजवळ साखळदंडात अडकवलेले अठ्ठावीस मनोरुग्ण आगीत गेले, त्यानंतर अशा स्थळांकडे देशाचे लक्ष गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळी घालणे पूर्ण निषिद्ध केले, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा महाराष्ट्रात २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. या सीमा ठाम ठेवून उरलेल्या श्रद्धेशी भांडण्याची गरज नाही. गुजरातमध्ये उंझ्याजवळच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून ‘दवा आणि दुआ’ एकत्र देण्याचा प्रयोग झाला, मुजावरांनीच रुग्णांना डॉक्टरांकडे पाठवले. सैलानीला जाणाऱ्या कुटुंबाला सांगायचे ते एवढेच : नवस फेडा, पण गोळ्यांचे पाकीट सोबत न्या आणि तिथल्या मुक्कामातही एक दिवस चुकवू नका.

तज्ज्ञच कमी असताना इतकी देखरेख करणार कोण, हा शेवटचा आक्षेप. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, यांपैकी एकही जवळ नाही. पण देखरेखीला प्रत्येक वेळी तज्ज्ञ लागत नाही. गोव्यातल्या ‘मानस’ चाचणीत (२०१०) समुपदेशक, केंद्राचा नेहमीचा डॉक्टर आणि अधूनमधून येणारा मनोविकारतज्ज्ञ एवढ्या बळावर सरकारी केंद्रांतले ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले, तुलनेच्या केंद्रांत ४२.५ टक्के. आशाताई आठवड्याला विचारपूस करू शकते, फेरतपासणी व्हिडिओवर होऊ शकते, आणि बुलढाण्यात २०२४ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने ही साखळी बांधण्याची जबाबदारी घ्यावी. त्यासाठी आधी ग्रामीण रुग्णालयांत तीच गोळी बारा महिने मिळाली पाहिजे. ही मेहेरबानी नाही : २०१७ च्या कायद्यानुसार आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजाराची औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात मोफत मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. गोळी नाही असे उत्तर मिळाले तर तक्रार लेखी द्या आणि तिची पोच घ्या. गोळी चालू असताना काही विचित्र वाटले, ती थांबवावीशी वाटली, किंवा जगणे नकोसे झाले, तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करा, तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.